संदीप पाटलाचे सहा महिने

१३ मार्च १९९६ च्या रात्री ईडन गार्डन्सवर वर्ल्ड कपची सेमीफायनल हरताना बाटल्या पडल्या, विनोद कांबळी रडत आत गेला आणि भारतीय संघाचे कोच म्हणून अजित वाडेकरांची चार वर्षं तिथेच आटोपली. वाडेकरांच्या जागी आला संदीप पाटील. मुंबईकराच्या जागी मुंबईकर, तोही शिवाजी पार्कचा. उन्हाळ्यात तो संघ घेऊन इंग्लंडला गेला, कसोटी मालिका १-० ने आणि वन-डे २-० ने हरून परतला आणि वर्ष संपायच्या आत त्याची खुर्ची मदनलालकडे गेली. सगळा मामला जेमतेम सहा महिन्यांचा.

हे सहा महिने आमच्याकडे उकरून निघाले ते रद्दीमुळे. मामाची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जायची आहे, त्यामुळे पोटमाळा रिकामा करणं चाललंय. त्यात 'एकच षटकार'चे जुने अंक सापडले. नव्या वाचकांना सांगायला हवं की संदीप पाटील या क्रीडा नियतकालिकाचा संपादक होता, आणि आमच्या पिढीतली कितीतरी पोरं स्पोर्ट्सचं मराठी त्यातून शिकली. मामा बँकेतून निवृत्त झालेला, कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये ओल्या विकेटवर मध्यमगती टाकलेला माणूस. ताई इथल्याच एका शाळेत चौदा वर्षांखालच्या मुलींना क्रिकेट शिकवते. मी दोघांच्या मध्ये सुतळी घेऊन गठ्ठे बांधत होतो.

"संपादक म्हणून चांगला होता," मामा म्हणाला. "बॅट्समन म्हणून तर राजाच. कोच म्हणून काय होता ते मात्र विचारू नकोस."

"विचारतेच," ताई म्हणाली. "काय होता?"

"सहा महिन्यांत एक मालिका जिंकलेली दाखव."

"सहा महिन्यांत मला एका मुलीची ग्रिप बदलता येत नाही, मामा. आहे एक माझ्याकडे. खालचा हात बॅटच्या दांड्यावर असा आवळते की आलेला प्रत्येक चेंडू मिडविकेटला. ऑफच्या बाहेरचासुद्धा. जूनमध्ये तिला सांगितलं, खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि पहिली दोन बोटं टेकव, बाकी सैल. नेटमध्ये जमतं. मॅचमध्ये दुसऱ्या चेंडूला मूठ पुन्हा गच्च. आता जुनी सवय अर्धी सुटली आहे आणि नवी अर्धीच आली आहे, त्यामुळे धावाच होत नाहीत. या मधल्या काळात कुणी नुसतं स्कोअरबुक उघडलं तर म्हणेल, या बाईने चांगली खेळणारी पोर बिघडवली."

"ती पोर बारा-तेरा वर्षांची. अझर, सचिन, कुंबळे, श्रीनाथ यांची ग्रिप कोण बदलणार आणि कशाला? म्हणून तर म्हणतो, त्या पातळीवर कोच लागतोच कशाला? शाळेत लागतो, मैदानावर लागतो. ८३ साली कोण होता आपला कोच? मॅनेजर होते हैदराबादचे पी. आर. मानसिंग. कोच म्हणून कुणीच नव्हता. आणि पाटील त्याच टीममधला. सेमीफायनलला ओल्ड ट्रॅफर्डवर ३२ चेंडूंत नाबाद ५१. त्याला काय पॅव्हेलियनमधून कुणी चिठ्ठी पाठवली होती, की बाबा आता मार?"

"म्हणजे पाटलाच्या विरोधात साक्षीला पाटीलच. बरं, ८३ चा उन्हाळा संपल्यावर काय झालं तेही सांग. तेच वेस्ट इंडियन आपल्या घरी आले. कसोटीत ३-०, वन-डेत ५-०. वर्ल्ड चॅम्पियन आपण. तेव्हाही कोच नव्हता."

मामाने यावर एक अंक उघडून तोंडासमोर धरला.

इथे मला थोडं मध्ये बोलायचं आहे, कारण ८३ चा दाखला गिरगावात आणि दादरमध्ये सारख्याच भक्तीने दिला जातो. त्या काळात संघाबरोबर मॅनेजर जाई. सामान, हॉटेल, भत्ता, भाषणं, सगळं तो बघे. खेळाचं कप्तान बघे. खेळाडू निरलॉन, टाटा, स्टेट बँक अशा ठिकाणी नोकरीला. क्रिकेटची शिकवण मैदानातल्या सरांनी दिलेली, आणि ती जन्माला पुरेल असं सगळ्यांनी धरलेलं. पाटील स्वतः अण्णा वैद्यांच्या हाताखाली तयार झाला. मग ९० साली बिशनसिंग बेदींना 'क्रिकेट मॅनेजर' म्हणून पाठवलं. लॉर्ड्सवर कप्तान अझरने टॉस जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली, गूचने ३३३ केल्या, इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव सोडला, आणि बेदींनी जाहीर सांगून टाकलं की हा निर्णय माझा नव्हे. या पदाची अडचण त्या एका प्रसंगात अख्खी दिसते. निर्णय कप्तानाचा, संघ पाच विभागांच्या पाच निवडकर्त्यांनी दिलेला, आणि हरल्यावर पत्रकारांसमोर बसायला हा.

वाडेकरांना हे पद झेपलं, कारण त्यांचं अझरशी जमलं. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या वाट्याला घरच्या मालिका भरपूर आल्या. ९३ साली गूचच्या इंग्लंडला आपल्या फिरकीच्या विकेटवर ३-० ने घालवलं. पाटलाच्या वाट्याला आला इंग्लंडमधला जून.

"तेच सांगतेय मी," ताई म्हणाली. "एजबॅस्टनची पहिली कसोटी बघ. एका कसोटीत चार पदार्पणं. विक्रम राठोड, सुनील जोशी, वेंकटेश प्रसाद आणि आपला पारस म्हांब्रे. दुसऱ्या डावात सगळ्यांच्या मिळून २१९, त्यात एकट्या सचिनच्या १२२. आठ विकेट्सनी हरलो. आणि त्याआधी सिद्धू कप्तानाशी बिनसलं म्हणून दौरा सोडून घरी."

"हेच! कोच असताना सिद्धू गेला कसा? ड्रेसिंग रूम सांभाळता येत नसेल तर कोच कसला?"

"आणि अडवायचं कशाने? कप्तान तो निवडत नाही, खेळाडू तो निवडत नाही. शाळेत माझं एखाद्या मुलीच्या आईशी वाजलं तर निदान मुख्याध्यापक बाई असतात."

"बरं, पुढे चल. लॉर्ड्सवर ये, म्हणजे तुला गांगुली-द्रविड काढता येतील."

"काढणारच. २० जून १९९६. डिकी बर्डची अंपायर म्हणून शेवटची कसोटी. गांगुली पहिल्याच डावात १३१, द्रविड सातव्या नंबरवर येऊन ९५. पुढच्या ट्रेंट ब्रिजला गांगुलीच्या पुन्हा १३६, द्रविडच्या ८४, सचिनच्या १७७. पुढची पंधरा वर्षं आपण ज्या मधल्या फळीवर जगलो, ती या सहा महिन्यांत उभी राहिली."

"उभी राहिली, उभी केली नाही. फरक आहे. सिद्धू रुसला, मांजरेकरचा पाय दुखावला, म्हणून जागा झाल्या. यात पाटलाचा हात किती? दोघंही डोमेस्टिकमध्ये धावांच्या राशी टाकून आले होते. गांगुली तर ९२ साली ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेला. दुसरा कुणी कोच असता तरी त्या दोघांनी धावा केल्या असत्या."

"आणि दुसरा कुणी कोच असता तर एजबॅस्टन जिंकलो असतो?"

मामा गप्प. मग म्हणाला, "नाही."

"मग हरल्याचा हात मात्र त्याचा?"

हा मुद्दा ताईने जिंकला असं मला वाटलं, पण मामाने हार मानली नाही. त्याने फक्त गोलंदाजीचं टोक बदललं.

"मला सांग, पाटील कसा खेळायचा हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. ८१ साली सिडनीला पॅस्कोचा चेंडू कानाशी बसला, माणूस खाली. हेल्मेट नाही. पुढच्याच कसोटीत ॲडलेडला १७४. ८२ ला ओल्ड ट्रॅफर्डवर बॉब विलिसच्या एका ओव्हरला सहा चौकार. एक नोबॉल होता म्हणून सात चेंडू. असा माणूस हिशेब करत नाही. त्याला आतून येतं. ८४ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध मॅच वाचवायची होती, हा उंच मारायला गेला. त्याला काढलं, बरोबर कपिललाही काढलं. कपिल परत आला. पाटील पुन्हा कसोटी खेळला नाही. आता ज्याला स्वतःला बॉल सोडवला नाही, तो दुसऱ्याला सोडायला काय शिकवणार? कोच पाहिजे वाडेकरांसारखा. थंड. बोलायचं कमी, पत्ते छातीशी."

"एक फटका मारला म्हणून कसोटी कारकीर्द संपलेला माणूस, मामा. ड्रेसिंग रूममध्ये चुकलेल्या पोराशी कसं बोलायचं हे त्याच्याहून जास्त कुणाला कळेल? आणि तू मधली पाच-सहा वर्षं गाळलीस. मुंबई सोडून तो मध्य प्रदेशात गेला. त्या वेळी मध्य प्रदेश म्हणजे काय होतं? कप्तान झाला, आणि आपल्याच मुंबईविरुद्ध १८५ मारले. तयार टीम चालवण्यात त्याचा जीव कधी नव्हताच. कच्च्या टीममध्ये होता. बोर्डाने त्याला नेमकी उलटी नोकरी दिली: सगळे स्टार, आणि त्यांना सांभाळ."

हे मला पटतं. मुंबईच्या क्रिकेटचं वळण असं की जिंकणं हा हक्क धरायचा आणि हरलो तर दोषी शोधायचा. त्या वळणात वाढलेल्या माणसाला हरणाऱ्या संघाचं आकर्षण वाटावं, हा पाटलाच्या स्वभावातला दुर्मिळ भाग आहे. त्याची पुढची नोकरी याच भागाची होती.

"केनिया," ताई म्हणाली.

"येणारच होतीस तू तिथे."

"२४ फेब्रुवारी २००३, वर्ल्ड कप, नैरोबी. केनियाचा कोच पाटील. श्रीलंका म्हणजे जयसूर्या, अरविंद डिसिल्वा, संगकारा, जयवर्धने, मुरली, वास. केनियाचे ९ बाद २१०. तुझ्या कांगा लीगलासुद्धा कुणी म्हणालं नसतं की पुरेशा आहेत. आणि मग तो लेगस्पिनर, कॉलिन्स ओबुया. दहा ओव्हर, २४ धावा, पाच विकेट. श्रीलंका १५७ ला बाद. ओबुयाला त्यानंतर वॉरविकशायरने बोलावलं. लेगस्पिनर केनियात कुठून आला? लेगस्पिन म्हणजे सगळ्यात उशिरा पिकणारं पीक. चौकार बसले तरी कप्तानाने आणि कोचने त्याच्या हातून बॉल काढून घ्यायचा नाही, तेव्हा कुठे तो होतो. हे कुणीतरी केलं असेल ना?"

"टिकोलोने केलं असेल. कप्तान तो होता."

"मामा, भारताचा कप्तान असला की हार कोचची आणि केनियाचा कप्तान असला की जीत कप्तानाची?"

"थांब, थांब. तू श्रीलंकेची एक मॅच दाखवतेस. बाकीचं बघ. न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीला आलंच नाही, ते चार पॉइंट फुकट. कॅनडा आणि बांगलादेश, म्हणजे तेव्हाचं बांगलादेश. मग ते पॉइंट सुपर सिक्समध्ये पुढे घेऊन जायचा नियम. तिथे झिम्बाब्वेला हरवलं, झाली सेमीफायनल. अर्धी गणिताने झालेली आहे ती. आणि केनियाची टीम पाटलाने जन्माला घातली नाही. ९६ च्या फेब्रुवारीत पुण्याला नेहरू स्टेडियमवर त्यांनीच वेस्ट इंडिजला ९३ मध्ये गुंडाळलं होतं. तेव्हा त्यांचे कोच हनुमंतसिंग होते. ९८ ला ग्वाल्हेरला त्यांनी आपल्याला हरवलंय. पाटलाला बरी टीम मिळाली होती."

"बरी टीम मिळाली आणि त्याने ती सेमीफायनलला नेली. आपल्याला ९६ पासून २००० पर्यंत त्याहून कितीतरी बरी टीम मिळाली होती. मदनलाल, अंशुमान गायकवाड, कपिल. चार वर्षांत तीन माणसं. कुठे नेली?"

मामाने इथे हळूच आपला हुकमाचा एक्का काढला. तो खरंच हुकमाचा आहे, आणि पाटलाच्या चाहत्यांनी त्याला नीट उत्तर दिलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

"सेमीफायनलनंतर काय? पुढच्याच वर्षी केनियाच्या ओडुंबेवर बुकींशी संबंधांवरून पाच वर्षांची बंदी. मग पैशावरून खेळाडू आणि बोर्डाची भांडणं. आणि २०१४ ला वन-डेचा दर्जाही गेला. २००३ ला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला असलेली टीम आज तुला कुठे दिसते का? जो कोच गेल्यावर मागे काही उरत नाही, त्याने घडवलं काय? सचिनचे सर आचरेकर गेले, पण शिवाजी पार्कवर आजही त्यांच्या हातची पोरं पोरांना शिकवताहेत. त्याला घडवणं म्हणतात."

ताई जरा थांबली. मग म्हणाली, "म्हणजे सहा महिन्यांत काही केलं नाही म्हणून तो नापास, आणि सेमीफायनलला नेलं तरी नंतर टिकलं नाही म्हणून तोच नापास. मग पास व्हायला काय करायचं?"

"आचरेकर व्हायचं."

"सरांना सचिन अकरा वर्षांचा मिळाला. सहा महिन्यांनी शारदाश्रम शाळेच्या बाकावर बसून कुणी विचारलं नाही, सर, मालिका किती जिंकलात? एका मैदानातून दुसऱ्या मैदानावर स्कूटरवर पोराला घेऊन जायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. आणि तुला आठवत असेल तर, केनियात आपल्यासारखं शाळांमधलं क्रिकेट नव्हतं. नैरोबीतले मोजके क्लब, त्यातही बरेचसे आपल्या गुजराती लोकांचे, मुख्यतः तेवढ्यावर सगळा देश. कांगा लीग नाही, टाइम्स शील्ड नाही, गाइल्स-हॅरिस नाही. असा पाया नसलेल्या देशात कोचने मागे काय ठेवायचं? खालचं पाणी आटल्यावर नळ कसाही फिरव."

इथे दोघंही बरोबर आहेत असं म्हणून सुटता आलं असतं, पण मी ताईच्या बाजूचा आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ९६ च्या संदीप पाटलाकडे जबाबदारी होती आणि अधिकार नव्हता. नैरोबीत अधिकार होता, पण खाली साधनं नव्हती. २०१२ ते २०१६ तो राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष झाला, तेव्हा संघ निवडायचा अधिकार अखेर त्याच्या हाती आला; पण तोवर तो कोच राहिला नव्हता. एका माणसाला या तीन गोष्टी एकाच वेळी कधी मिळाल्याच नाहीत. त्यामुळे ९६ च्या निकालांवरून पाटील चांगला कोच होता असं सिद्ध होत नाही, आणि वाईट होता असंही नाही. त्यावरून कळतं ते त्या काळातलं आपलं बोर्ड.

मामाला हे मी बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "तू सुतळी बांध."

मग तो स्वतःहूनच डर्बनवर आला, कारण डर्बनची गोष्ट कुठल्याही बाजूच्या माणसाला सोडवत नाही. २० मार्च २००३, भारत विरुद्ध केनिया, वर्ल्ड कप सेमीफायनल. एका बाजूला कप्तान गांगुली, कीपिंग करणारा द्रविड, सलामीला सचिन. दुसऱ्या बाजूच्या ड्रेसिंग रूममध्ये संदीप पाटील. भारताचे ४ बाद २७०, त्यात गांगुलीच्या नाबाद १११ आणि सचिनच्या ८३. केनिया १७९, ९१ धावांनी हार.

"बघ," मामा म्हणाला. "लॉर्ड्सवर ज्याच्या हाताखाली पहिली कसोटी खेळला, त्यालाच बाहेर काढलं. क्रिकेटला दयामाया नाही."

"आणि त्या दिवशी आपल्या बाजूला कोच कोण होता?"

"जॉन राइट."

"किती वर्षं होता?"

"२००० ते २००५."

"आणि २००२-०३ च्या दौऱ्यात राइटच्याच न्यूझीलंडमध्ये दोन्ही कसोट्या हरलो, वन-डे ५-२ ने हरलो. त्याला काढला?"

"गोऱ्याला कोण काढतंय!"

"असेल तेही थोडं. पण राइट आला कसा ते बघ. द्रविड केंटकडून खेळला तेव्हा तिथे राइट कोच होता. त्याचं काम द्रविडने जवळून पाहिलं आणि नाव सुचवलं. आल्यावर गांगुलीने त्याला धरून ठेवलं. म्हणजे पहिल्यांदा असं झालं की खेळाडूंना हवा असलेला कोच आपल्याकडे आला, आणि हरल्यावर कप्तान त्याच्यामागे उभा राहिला. ९६ ला पाटील आणि अझर यांना बोर्डाने एकत्र बसवलं, आणि ऑगस्टमध्ये कप्तानही बदलला. एका वर्षात कप्तान नवा, कोच नवा, आणि पुन्हा कोच नवा."

"म्हणजे कोचला कप्तान लागतो."

"हो."

"कप्तानाने ठरवलं तरच कोचला वेळ मिळतो."

"हो, मामा."

"म्हणजे मुख्य कोण? कप्तानच ना? मग मघापासून मी काय सांगतोय?"

ताईने कपाळाला हात लावला आणि माझ्या हातातला 'एकच षटकार'चा गठ्ठा रद्दीतून काढून स्वतःच्या पिशवीत टाकला.